घाईची बाटली

काल सकाळी नळाखाली हात धरला आणि बोटांची पेरं ठणकली. थंडी आली. आमच्याकडची थंडी दिवाळीनंतर आठ-पंधरा दिवस निर्मल गावच्या घाटात बसून राहते आणि मग एका सकाळी एकदम खाली उतरते. आदल्या दिवशी दोरीवर टाकलेली गोधडी दुसऱ्या दिवशी ओलीच हाताला लागते. इचोड्याच्या मोठ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. एकेका ट्रकवर एवढा कापूस लादलेला, की मागून पाहिलं तर चाकं दिसत नाहीत, नुसता पांढरा ढीग चाललेला दिसतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून आपापला हिस्सा काढून घेतला आहे. काट्याकाट्याला पुंजके.

लोकांना थंडीत तुरीच्या उकडलेल्या शेंगांचा वास आठवतो, शेकोटीतल्या हरभऱ्याचा आठवतो. मला राळेचा आठवतो. गरम लोखंडावर राळ चढली की जो वास सुटतो तो गोडसर असतो आणि नाकात टोचणाराही असतो. औषधाच्या दुकानात कुणी गूळ जाळावा तसा. पहिल्या वर्षी त्याने माझं कपाळ दुखायचं. आता तो आला नाही तर सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

डब्यावर रेझिन असं लिहिलेलं असतं. आम्ही राळ म्हणतो.

आमचं दुकान जळालेल्या मोटरी पुन्हा भरून देतं. मोटर जळते म्हणजे तिच्या पोटातली तांब्याची तार जळते. ती काळी तार ठोकून काढायची, लोखंडाच्या खाचा घासून साफ करायच्या, खाचेत कागद बसवायचा, मग नवी तार मोजून फेऱ्याफेऱ्याने भरायची, दोऱ्याने बांधायची. हे काम आमचं, बायकांचं. त्यानंतर मोटर राळेत बुडवायची आणि भट्टीत भाजायची. हे काम मामांचं. राळ तारांच्या मधल्या बारीक फटींत शिरते आणि भट्टीत कडक होते. मग तार हलत नाही, ओल आत जात नाही, मोटर फिरत राहते. बाहेरून कुणाला राळ दिसत नाही. मोटर चालली तर तिचं नाव कुणी घेत नाही.

उत्तममामा माझे कुणी नव्हेत, सगळं इचोडा त्यांना मामा म्हणतं. दुकान त्यांचं. यशोदाबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. तोंड दोघींचं त्याच चालवतात. इथे येण्याआधी मी लोकांच्या वावरात कापूस वेचायची. वाळक्या बोंडाचं टोक सुईसारखं असतं, ते नखाच्या कडेला घुसतं आणि संध्याकाळी भाकरी थापताना पीठ झोंबतं. पण कापूस वेचलेल्या बोटांना तार लवकर वश होते. तीन महिन्यांत मी यशोदाबाईंच्या बरोबरीने भरायला लागले. मामा तेव्हा म्हणाले होते, "हात चांगला हाय बाईचा. तोंड देवानं दिलंच नाई वाटते."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या कोपऱ्यात सकाळचं ऊन दहा वाजता येतं आणि बारापर्यंत पाठीवर राहतं. तिथे बसून दिवसभर न बोलता काम करता येतं आणि कुणी विचारत नाही की ही गप्प का. अशी जागा बाईमाणसाला सहज मिळत नाही. वावरात गाणी म्हणावी लागतात, उत्तरं द्यावी लागतात, मुकादमाच्या थट्टेला हसावं लागतं. इथे माझे हात बोलायचे आणि ते पुरत होतं.

पुरत नाही, हे चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कळलं.

आमच्याकडे थंडीचा हंगाम तोच जिनचा हंगाम. जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. कापूस ओलसर असला तर आधी गरम हवेने वाळवतात, आणि ती हवा ढकलणाऱ्या पंख्याची मोटर भट्टीच्या अगदी शेजारी बसवलेली असते. साधी राळ तिथे करपते. अशा मोटरीसाठी हैदराबादेहून वेगळी राळ येते, जुन्या मधाच्या रंगाची, दाट. ती जास्त उष्णता सोसते. पण जी जास्त सोसते तिला पक्कं व्हायलाही जास्त लागतं. आज सकाळी भट्टीत ठेवली तर उद्या सकाळी निघणार. आणि जिनवाल्यांना उद्या सकाळ चालत नाही. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असतात, गाडीवाले चादरी पांघरून चाकाला टेकून बसलेले असतात.

त्या वर्षी राळ विकणाऱ्या माणसाने मामांना एक बाटली दिली. तळहातात मावेल एवढी, काळपट काचेची. आतलं पाणी पिवळसर आणि वास कुजक्या मासळीचा. तो म्हणाला, राळेत लिटरला पाच थेंब टाका, दिवसाचं काम अर्ध्या दिवसात होईल. त्या औषधाचं नाव मोठं होतं. मामांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा वेगळं आलं.

यशोदाबाईंनी बूच काढून वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "अवं माय! ही तं घाईची बाटली. घाईले असाच वास येते."

तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं.

मामांना ती बाटली फार आवडली. मामा स्वभावाने तापट नाहीत, पण उतावळे आहेत. चहा थंड होईपर्यंत थांबत नाहीत, जीभ भाजून घेतात. रोज थेंब कोण मोजत बसणार म्हणून त्यांनी एकदम सगळ्या बादलीतच औषध टाकलं आणि काठीने ढवळलं. भरलेली बादली. आणि थंडीतली आमची एक सवय आहे. राळ गारठली की काकवीसारखी दाट होते, तारांत शिरत नाही. म्हणून दुकान बंद करताना मामा बादली भट्टीच्या पोटाशी सरकवून ठेवत. भट्टीची उरलेली ऊब लागून सकाळी ती पातळ मिळे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्या दिवशीही त्यांनी बादली सरकवली.

मी चप्पल घालत होते. मी पाहिलं. मला वाटलं, हे औषध उष्णता लागली की राळेला बसवतं ना, मग ते आत असताना बादली उबेला कशाला? एवढं स्वच्छ वाटलं. पण मी दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि घरी गेले.

सकाळी मामांनी बादलीतला ब्रश ओढला तर ब्रशबरोबर बादली वर आली.

यशोदाबाई हसून हसून खाली बसल्या. "मामा, मोटर भरा म्हटलं होतं, तुमी बादलीच भरली वो!"

मामांनी ती बादली शेगडीवर ठेवली. मेण असतं तर वितळलं असतं. गूळ असता तर पातळ झाला असता. डांबरसुद्धा होतं. राळ झाली नाही. ती आधी काळी पडली, मग धुमसली, मग तिला भेगा गेल्या, पण ती पुन्हा पाणी झाली नाही. मामा बाहेर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एकदा बसली का बसली इची जात. माघारी नाई."

ते वाक्य मी घरी घेऊन गेले. आपल्या सवयीच्या वस्तू बहुतेक माघारी येणाऱ्या असतात. पीठ सैल झालं तर आणखी पीठ घालता येतं, शिवण चुकली तर उसवता येते. मी बारा वर्षं संसारात हेच करत आले, चुकलं की उसवायचं. राळेचं तसं नाही. तिला पातळ असण्याचा एकदाच वेळ मिळतो आणि त्या वेळात जे करायचं ते करून घ्यावं लागतं. जिथे शिरायचं तिथे शिरावं लागतं. नंतर ती जशी असेल तशीच राहते. हे वाचून कुणाला कठोर वाटेल. मला त्यात एक धीर वाटला. जगात निदान एक वस्तू अशी आहे की नीट बसवली तर उष्णतेने पुन्हा ढिली होत नाही.

बादली गेली, पण मामांचा बाटलीवरचा जीव गेला नाही. पुढच्या वेळी त्यांनी लहान डब्यात हवी तेवढीच राळ घेतली आणि थंडी आहे म्हणून पाचाच्या जागी दहा थेंब टाकले. जिनची पंख्याची मोटर होती, मी आणि यशोदाबाईंनी दोन दिवस बसून भरलेली. मामांनी ती फरशीवरून उचलली, बुडवली, भट्टीत घातली, दार लावलं आणि घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं की मोटरीला बांधलेली गिऱ्हाइकाची चिठ्ठी काढायची राहिली आहे. त्यांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, "निर्मला, चिमट्यानं वढ वो ते चिठ्ठी." चिठ्ठी ओढताना माझ्या हाताची मागची बाजू मोटरीच्या लोखंडाला लागली. मी दचकून हात मागे घेतला, फोड येणार म्हणून फुंकर घातली. फोड आला नाही. भट्टीच्या काट्याने दीडशे दाखवलं होतं आणि लोखंड जेमतेम कोमट होतं. मी चिठ्ठी मामांना दिली आणि स्टुलावर जाऊन बसले.

दुपारी मोटर निघाली. अशी चकचकीत, की यशोदाबाईंनी तिच्यात तोंड पाहून कुंकू नीट केलं. मामांनी नख रोवून पाहिलं. नख रुतेना. जिनचा फोरमन मल्लेश गाडीत घालून घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. काळी.

मामांनी छिन्नीने एक खाच फोडली. वरचा थर काचेसारखा टणक होता आणि त्याच्या खाली राळ बोटाला चिकटत होती, बाभळीच्या डिंकासारखी. वरून पक्की, आतून ओली. तारा आतल्या आत हलून एकमेकींना घासल्या होत्या.

मल्लेश चांगला माणूस. तेलुगू त्याच्या घरची भाषा, आमच्याशी हिंदी-मराठीची खिचडी करून बोलतो. त्या दिवशी तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. तो म्हणाला, "मामा, एक बार और देतूँ मैं. ये भी वापस आया तो सेठ सब मोटर नागपूर भेजता. मेरे हात में नाई रहता फिर."

तो गेल्यावर मामा बराच वेळ छिन्नी पुसत बसले. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "जिनचं काम गेलं तं थंडीभर विहिरीवरच्या पंपाच्या दोन-चार मोटरी राह्यतीन. त्याले मी एकटा पुरे. तुमाले आधीच सांगून ठेवतो बायांनो, मागून म्हणू नका."

यशोदाबाई खाली पडलेले तारेचे तुकडे वेचू लागल्या. माझ्या डोळ्यांपुढे कुणाच्या तरी वावरातली कापसाची पऱ्हाटी आली, सकाळचं दहिवर पडलेली, आणि मुकादमाची हाक. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. ऊन नुकतंच स्टुलावर आलं होतं.

मोटर भरायला दोन दिवस होते. आम्ही भरत होतो आणि माझ्या डोक्यात राळच चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा जेवायला घरी गेले तेव्हा मी शेगडी लावली, तिच्यावर लोखंडाचा पत्रा ठेवला. तीन वाट्यांत थोडी थोडी राळ घेतली. एकीत काही नाही. एकीत राळवाल्याने सांगितलेल्या मापाने औषध. एकीत मामांच्या मापाने, दुप्पट. पत्रा तापल्यावर पहिलीचा एक थेंब टाकला आणि काडीने ओढत राहिले. तिळगुळाचा पाक पाहतात तसं. तार निघते, लांबते, आणि राळ बसली की तार तुटते. किती वेळ लागला ते मोजायला मी पाढे म्हणत होते. घड्याळ होतं समोर, पण घड्याळाकडे पाहिलं की काडी थांबते. माझे तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि गुरुजींना दुसरं काही फारसं सुचत नसे, ते पाढेच म्हणवून घेत.

यशोदाबाई भाकरी हातात घेऊन आल्या. "काय करून राह्यली वो? धिरडे टाकून राह्यली का?"

मी मान हलवली. तोंडात सतराचा पाढा होता.

बिनऔषधाची राळ तीसचा पाढा संपला तरी तार सोडत होती. मापातल्या औषधाची एकोणीसच्या पाढ्याला तुटली. दुप्पट औषधाची सातलाच, पण तिला फेस आला आणि थंड झाल्यावर काडीने टोचली तर तिचे पापडासारखे तुकडे झाले. म्हणजे बाटली खोटी नव्हती. मापात ती काम करत होती. मग आतली राळ ओली का?

तेव्हा मला हाताच्या मागच्या बाजूने आठवण करून दिली. तो कोमटपणा.

मी कोपऱ्यातला जुन्या मोटरीच्या दांड्याचा, शाफ्टचा, जाड तुकडा उचलला. फरशीवर पडून बर्फासारखा झालेला. तो पत्र्यावर उभा ठेवला आणि त्याच्या माथ्यावर दुप्पट औषधाचा थेंब टाकला. सातचा पाढा गेला. एकोणीसचा गेला. तीसचा संपला. थेंब होता तसा होता. खाली पत्रा धगधगत होता आणि वर राळ खुशाल पाण्यासारखी हलत होती.

यशोदाबाईंची भाकरी हातातच राहिली होती. मी त्यांना म्हणाले, "घाई राळेले देली आपण. लोखंडाले कोन देनार?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "हे मामाले सांग."

"तुमीच सांगा ना."

"मी काऊन सांगू? मले काय समजलं त्यातलं? मी सांगितलं तं मामा म्हनतीन, यशोदे, भाकर खाय."

त्या दिवशी मी सांगितलं नाही. मामा आले तेव्हा शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच बसले. घरी जाताना मी रस्त्याने ते वाक्य चार प्रकारे म्हणून पाहिलं. मोठ्या माणसाला चूक सांगायची म्हणजे आधी त्याची चूक नाही असं सांगावं लागतं, आणि ते मला जमत नाही. माझ्याकडे लांबचा रस्ता नाही. मला सरळच बोलता येतं, म्हणून मी बोलत नाही.

उन्हाळ्यात हे कधी झालं नसतं, असंही चालता चालता लक्षात आलं. वैशाखात आमच्या दुकानातलं लोखंड आधीच तापलेलं असतं, पत्र्याखाली ठेवलेल्या पान्याला हात लावता येत नाही. मामांचा सगळा हिशोब दार लावल्यापासूनचा होता आणि तो उन्हाळ्यात बरोबर यायचा. थंडीत दार लागल्यावर भट्टीतली हवा तापायची, राळेचा वरचा थर तापायचा, आणि औषध जास्त असल्यामुळे तो लगेच कडक होऊन झाकणासारखा बसायचा. आत लोखंड अजून जागंच झालेलं नसायचं. राळ पातळ करायला घातलेला थिनरही आतच कोंडायचा. दोष हिवाळ्याचा नव्हता, मामांचाही फारसा नव्हता. वेळ कुठून मोजायचा, एवढंच चुकत होतं.

दुसऱ्या सकाळी फरशीवर भरलेली मोटर तयार होती. मामांनी बाही वर केली, राळेचा डबा उघडला, बाटली काढली. मल्लेश चार वाजता येणार होता. मामा मोटर उचलायला वाकले आणि मी म्हणाले, "मामा, थांबा."

आवाज माझा मलाच मोठा वाटला. यशोदाबाईंच्या हातातला दोरा सुटला. "आता वो! आज दिवस कोनीकडून निंगाला?"

मामा वाकलेलेच होते. "काय झालं?"

"लोखंडाले हात लावा."

"काऊन?"

"लावा तं खरं."

त्यांनी लावला. "थंड हाय. थंडीत थंडच राहीन ना बापा, त्यात काय?"

"ते गरम झाल्याबिगर आतली राळ बसत नाई. आधी कोरडी मोटर भट्टीत ठेवा. लोखंड तापू द्या. मग बुडवा. आन् टाइम तिथून मोजा, दार लावल्यापासून नाई. औषध मापातच टाका, दुप्पट नोका टाकू."

एवढं मी आयुष्यात सलग बोलले नव्हते. मामा ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता. "तीस वर्षं झाली मले या धंद्यात. तुले कोनं शिकवलं हे?"

मी शेगडीवर पत्रा ठेवला, शाफ्टचा तुकडा ठेवला, थेंब टाकला आणि काडी त्यांच्या हातात दिली. दुसरा थेंब पत्र्यावर टाकला. मामा पाहत राहिले. पत्र्यावरचा बसला. तुकड्यावरचा काडीला लागून सरळ खाली ओघळला. त्यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, स्वतः. मग तिसऱ्यांदा केला. मामांचं एक चांगलं आहे, जे डोळ्यांनी दिसतं त्याच्याशी ते भांडत नाहीत.

"पन मल्लेश चार वाजता येते," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "असं केलं तं उद्या दुपार होते."

"होऊ द्या."

"त्याले कोन सांगनार?"

यशोदाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

तीन तास कोरडी मोटर भट्टीत राहिली. बाहेर काढली तेव्हा लोखंडाची धग हातभर अंतरावरून लागत होती. मामांनी ती बुडवली आणि राळ अशी आत गेली, जशी तापलेल्या जमिनीत पाण्याची ओंजळ जाते. वर बुडबुडे आले, बारीक, सुईच्या टोकाएवढे, मग यायचे थांबले. नंतर कापून पाहता यावी म्हणून मी तारेची एक लहानशी गुंडी बांधून मोटरीच्या पोटात मधोमध सोडली होती, तीही तिच्याबरोबर बुडाली. दार लागलं.

चार वाजता मल्लेश आला. गाडी दारात लावून, इंजिन चालू ठेवून. मामांनी पाने-हातोडे आवरायला घेतले आणि न बघता म्हणाले, "तिले विचार."

मल्लेशने आधी यशोदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, ही नाही, ती. मग तो माझ्याकडे वळला. दोन वर्षांत त्याने मला एकदाही हाक मारली नव्हती. "अक्का, हो गया ना?"

"नाई. उद्या बारा वाजता."

"उद्या? अरे अक्का, बाहर गाड्या खडे हैं. तीन दिन से लोगां ठंड में सो रहे. सेठ मेरे को खा जाता."

मला त्या गाडीवाल्यांची दया आली नाही असं नाही. मी त्यांच्यातलीच. चाकाला टेकून बसलेली बाई कदाचित माझ्या गावाकडची असेल, आणि तिचं पोर गाडीखाली गोधडीत असेल. म्हणूनच मी म्हणाले, "आज नेली तं परवा घेऊन येसान. मग ते लोक अजून आठ दिवस तिथंच. उद्या बारा वाजता या. एक मिनिट इकडे-तिकडे होनार नाई."

त्याने एकदा बंद भट्टीकडे पाहिलं. मग गाडीत बसला आणि गेला. मी स्टुलावर बसूनच खाचांसाठी कागद कापायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मोटर बाहेर काढली. आधीच्यापेक्षा कमी चमकत होती. मी पोटातली गुंडी काढली आणि मामांनी ती शिकंज्यात धरून करवतीने मधोमध कापली. आतला काप कोरडा होता. तांब्याचे गोल ठिपके आणि त्यांच्यामध्ये मधाच्या रंगाची काच. मामांनी अंगठा दाबला, उचलला, अंगठ्याकडे पाहिलं. काही चिकटलं नव्हतं. त्यांनी तो अर्धा तुकडा मल्लेशच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे सेठले दाखव."

पुढचे दिवस मी गाडीचा आवाज आला की दाराकडे बघायची. तिसरा दिवस गेला. सातवा गेला. संक्रांत झाली, यशोदाबाईंनी सगळ्या गिऱ्हाइकांना तिळगूळ वाटला. मोटर आली नाही. माघ सरला, कापसाच्या गाड्या कमी झाल्या, जिन बंद झाली, आणि ती मोटर हंगामभर फिरून तिथेच शांत उभी राहिली. कुणी येऊन काही सांगितलं नाही. आमच्या कामात कौतुक असंच असतं, कुणी येत नाही.

ह्या चार वर्षांत मी घाईबद्दल पुष्कळ विचार केला आहे. म्हातारी माणसं म्हणतात घाई वाईट. मला तसं वाटत नाही. ती बाटली आजही माझ्या फळीवर आहे आणि थेंब मीच टाकते. दिवसाचं काम अर्ध्या दिवसात होतं, खरंच होतं. गाडीवाल्यांची एक थंडीची रात्र वाचते. वाईट असते ती थंड लोखंडाला लावलेली घाई. आधी तापू द्यावं, मग हवी तेवढी घाई करावी. गेल्या वर्षी दुकानात नवी बाई आली, लक्ष्मी. पहिल्या आठवड्यात तिच्याकडून एक खाच धड भरेना. मामा म्हणाले, हिला नाही जमणार. मी म्हटलं, महिनाभर तिला नुसतं बसू द्या, दोरे बांधू द्या. आज ती माझ्याहून बारीक तार भरते.

आणि स्वतःबद्दल एवढंच म्हणते की मी अजूनही कमी बोलते. लग्नकार्यात मला कोपरा लागतो. पण आता माझं गप्प राहणं भीतीचं नाही. जे बोलायचं ते तापेपर्यंत मी थांबते, आणि तापल्यावर बोलते.

परवा ह्या हंगामातली पहिली मोटर आली. जिनमध्ये नवा फोरमन लागला आहे, तरणा, कानाला फोन. मल्लेश निवृत्त होऊन मुधोळला शेती करतो. काल त्याने येऊन मामांना विचारलं, संध्याकाळी मिळेल का. मामांनी चष्मा पुसला आणि हात माझ्या दिशेने केला.

मी तार भरत होते. मान वर न करता सांगितलं, "उद्या चार वाजता."

"आज नाही होत?"

"नाई."

"मॅडम, थोडं लवकर..."

"उद्या चार."

तो मामांकडे वळला. मामा चहा फुंकत होते. मग तो फोनवर काहीतरी बोलत गाडीकडे गेला.

यशोदाबाई हसून लोळायच्या बेतात होत्या. "चार शबूद बोलली आन् जिन बंद ठेवली वो बाईनं!"

मलाही हसू येत होतं. पण खाचेत बेचाळिसावा फेरा चालला होता आणि मोजणी चुकली असती, म्हणून मी ते तसंच आत ठेवलं आणि त्रेचाळिसावा घेतला.